न क ब घ स म र

गल्लीतली माणसं त्यांना नंबरकाका म्हणत. छत्तीस वर्षं लोकांच्या चष्म्याचे नंबर काढून देणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? एखादं नवखं गिऱ्हाईक 'डॉक्टर' म्हणायचं. काका ती चूक दुरुस्त करायचे, नाही असं नाही, पण दोन-तीनदा कानांवर पडू दिल्यावर.

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. या टोकाला खुर्ची, त्या टोकाला अक्षरांचा तक्ता आणि मध्ये वीस फूट मोकळी जमीन. तिथे काकांनी कधी साधं स्टूलही ठेवू दिलं नाही. तक्ता काकांच्या वडिलांनी एका पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घेतला होता. वर एक मोठं अक्षर काढ आणि खाली बारीक बारीक होत जा, एवढंच त्याला सांगितलं होतं. कुठली अक्षरं काढायची ते त्या भल्या माणसानं मनानंच ठरवलं. शेवटची, सगळ्यात बारीक ओळ होती: न क ब घ स म र.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात काकू दुकानात आल्या, खुर्चीत बसल्या, ती ओळ वाचली आणि खुदकन हसल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"अहो, तुम्ही दिवसभर लोकांना सांगता, समोर बघा, समोर बघा. आणि तुमचा तक्ता काय सांगतोय? न क, ब घ, स म र. नको बघू समोर!"

तोवर काकांनी ती ओळ हजार लोकांकडून वाचून घेतली होती, पण तिच्यात असं काही लिहिलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोघं इतके हसले की बाकावर बसलेलं गिऱ्हाईक 'नंतर येतो' म्हणून निघून गेलं. पुढे काकू रोज दुपारी दुकानात बसू लागल्या. फ्रेमचे इवलेसे स्क्रू बसवायचे, वाकड्या काड्या सरळ करायच्या, ही कामं त्यांची. समोर तक्ता. गिऱ्हाईक अडखळलं की त्या मान वर न करताच पुढचं अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणायच्या आणि काका डोळे वटारायचे.

तक्त्याशेजारी एक चित्र होतं, ते बेटाचं. जहाजावर स्वयंपाक करणारा एक आचारी जवळचा चष्मा करून घ्यायला आला होता, त्यानं खूश होऊन एक कॅलेंडर दिलं. वर्ष संपलं, महिने फाडून झाले, चित्र तेवढं राहिलं. निळं पाणी, पांढरी वाळू, वाळूवर माडाची झाडं. काकांनी त्या चित्रालाही कामाला लावलं. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायचा आणि विचारायचं, "झाडं किती?" पाच म्हणालं तर नंबर चुकलाय. सहा झाडं आणि कोपऱ्यात एक होडी दिसली की नंबर पक्का. लोक झाडं मोजून आपापल्या घरी गेले, काका मात्र त्या वाळूतच अडकले.

बारा वर्षं त्यांनी ते बेट लोकांना दाखवलं. मग कुणीतरी सांगितलं की ते बेट खरंच आहे, नकाशात टाचणीच्या टोकाएवढं, आणि निवृत्त झालेल्या परदेशी माणसांना तिथे राहायला देतात. झालं! काकांनी पत्रं पाठवली, फॉर्म मागवले, घरांचे फोटो मागवले. शेवटी एक घर ठरलं. दोन खोल्यांचं, कौलारू, पण पुढे व्हरांडा आणि व्हरांड्याच्या पायरीपासून समुद्र. "दार उघडलं की थेट समोर!" काका ज्याला त्याला फोटो दाखवत सुटले.

"बाबा, म्हातारपणी लोक दवाखान्याजवळ घर घेतात," दुसऱ्या शहरातून लेक फोनवर म्हणाली.

"मला दवाखाना बघायचा नाहीये, समुद्र बघायचाय."

"आणि आईला?"

"तिला विचार की." काकांनी फोन काकूंकडे दिला. काकू म्हणाल्या, "मी काय, जिथे हे तिथे मी." यातून हो ऐकायचं की नाही हे ऐकणाऱ्यावर असतं. काकांनी हो ऐकलं.

बेटाची एकच अट जरा अवघड होती. तिथे दवाखाना म्हणजे एक नर्सबाई आणि एक कपाट. बोट आठवड्यातून दोनदा. त्यामुळे साठीच्या पुढच्या माणसानं स्वतःचं सगळं स्वतः करता येतं असा दाखला द्यायचा. हृदय, साखर, हाडं, डोळे, प्रत्येकाचा वेगळा रकाना. डोळ्यांचा रकाना कुणीही नंबर काढणाऱ्यानं भरला तरी चालत होता. काकूंच्या डोळ्यांसाठी दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"शेवटची ओळ."

"न क ब घ स म र," काकू म्हणाल्या, चालीवर, लग्न झाल्यापासून म्हणत आल्या होत्या तशा.

"झाडं?"

"सहा, आणि एक होडी."

"सिक्स बाय सिक्स," म्हणजे नजर एकदम निर्दोष, असं काकांनी रकान्यात लिहिलं आणि झोकात सही ठोकली. दाखल्याची प्रत बेटाकडे रवाना झाली.

त्यानंतरचं वर्ष तयारीत गेलं. आणि त्याच वर्षात काकूंना एक नवी खोड लागली. बोलताना त्या काकांकडे बघेनाशा झाल्या. नजर जायची ती काकांच्या कानापाशी किंवा त्याच्याही पलीकडे, भिंतीवर. आधी काकांना गंमत वाटली. "काय गं, माझ्याकडे कानाडोळा चाललाय?" असं म्हणून ते तिच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवायचे. "इकडे बघ. समोर." काकू समोर बघायच्या, हसायच्या, आणि थोड्या वेळानं नजर पुन्हा आपली कानाकडे. मग काकांना राग यायला लागला. बेटावर यायचं नाहीये तर सरळ सांगावं ना, हे नजर चुकवणं कशाला? असं ते मनाशी घोकत. विचारलं मात्र कधी नाही, कारण तिनं खरंच सांगितलं असतं तर?

बाकीही बारीकसारीक होतंच. स्क्रू बसवायचं काकूंनी सोडलं. "हात थरथरतो." पेपर वाचायचं सोडलं. "त्याच त्या बातम्या, तुम्हीच वाचा मोठ्यानं." रस्त्यात ओळखीचं माणूस आधी बोलल्याशिवाय त्या बोलेनाशा झाल्या, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काकू परदेशी चालल्या ना, आता कशाला ओळख दाखवतील!" पण चालताना कधी अडखळल्या नाहीत. जिना भराभर उतरायच्या. खुर्चीखाली मांजर शिरलं तर सगळ्यांआधी त्यांनाच दिसायचं. अशा बाईला दिसत नाही असं कोण म्हणेल? दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर दिवा काकांच्या स्वतःच्या हातात होता.

दुकान घेतलं एका तरतरीत बाईंनी. त्या शिकलेल्या होत्या, भिंती पांढऱ्या करून घेतल्या, आणि तक्त्याच्या जागी एक पडदा लावला. बटण दाबलं की अक्षरं उजळणार, दरवेळी वेगळी. काकांना पत्र्याचा तक्ता त्यांनी आदरानं कागदात गुंडाळून दिला. ताबा द्यायच्या दिवशी, दुपारी, काका म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक आमच्या घरचं. बसा काकू, करा उद्घाटन."

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या.

"अगं बस! बाईंचा मुहूर्त होऊ दे."

काकू बसल्या. पांढरा पडदा उजळला. नव्या बाई काही विचारणार तोच काका खुर्चीमागून, पडद्याकडे पाठ करून, जादूगारानं प्रेक्षकांना दाखवावं तसे म्हणाले, "इतरांना वरून सुरू करा. आमच्या हिला एकदम शेवटची ओळ विचारा."

"न क ब घ स म र," काकू चालीवर म्हणाल्या.

काका हसले. बायकोनं टोला बरोबर लगावला, असं त्यांना वाटलं. नव्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे.

"काकू, पुन्हा एकदा सांगता?"

"न क ब घ स म र."

"काकू," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पडद्यावर एकच अक्षर आहे. ट. तळहाताएवढं."

काकांनी वळून पाहिलं. होता. काळाकुळकुळीत ट, आंधळ्यालाही दिसावा असा, हे त्यांच्या मनात आलं आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. काकूंनी मान थोडी वळवली, पडद्याच्या बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो की. ट आहे."

पुढच्या पाच मिनिटांत काकांनी देवाकडे एकच गोष्ट मागितली. मोतीबिंदू असू दे. मोतीबिंदू काय, काढला की संपलं, हजार लोकांना त्यांनी हेच सांगून धीर दिला होता. त्यांनी बॅटरी घेतली आणि बायकोच्या डोळ्यांत प्रकाश टाकला. भिंगं स्वच्छ होती. दोन्ही. एवढी स्वच्छ भिंगं बघून कधी कुणाला रडू आलं नसेल. दोष मागे होता, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, जिथे काकांच्या पेटीतलं एकही भिंग पोचत नाही.

पडद्याचे डॉक्टर मोठ्या इस्पितळात बसायचे. वय लेकीएवढं. त्यांनी डोळ्यांचे फोटो काढले, स्क्रीनवर मोठे करून दाखवले. मधोमध एक करडा डाग, दोन्हीकडे. कडा सगळ्या शाबूत.

"समोरचं दिसत नाही त्यांना. बाजूचं दिसतं. म्हणून चालतात-फिरतात नीट," डॉक्टर म्हणाले. "बाजूनं बघायची सवय त्यांनी आपली आपण करून घेतलीय. डावा बराच जुना दिसतो. उजवा मात्र वर्षभरातला. तेव्हा आला असतात तर इंजेक्शन देऊन वाचवता आला असता. आता तिथे व्रण धरलाय. कुणी तपासले नव्हते का डोळे वर्षभरात?"

काकूच म्हणाल्या, "तपासले होते. चांगल्या माणसानं तपासले होते."

"आता काय करायचं?" काकांनी विचारलं. हा प्रश्न छत्तीस वर्षं लोक त्यांना विचारत आले होते आणि त्यांच्याकडे दरवेळी काहीतरी उत्तर असायचं, निदान एक थेंबांची बाटली तरी.

"आहे ते जपायचं. बाकी तसं काही नाही."

"इथे राहिलो तर? दर महिन्याला आणलं तर?"

"आणा की. पण उगाच आशा देत नाही मी. इथे राहा, कुठेही राहा, फरक पडणार नाही."

रिक्षात काकांना राहवलं नाही. "माहीत होतं तुला?"

"पहिल्यांदा नव्हतं," काकू म्हणाल्या. "खरं सांगते. तुम्ही विचारलंत शेवटची ओळ आणि मला ती दिसली. पाठ झालेलं दिसतंच हो माणसाला. नंतर एकदा तुमच्याकडे बघितलं आणि तुमचं तोंडच नव्हतं जागेवर. शर्ट होता, कान होते, मध्ये धुकं. तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दाखला गेला होता तुमच्या सहीचा. दुकानाचं बोलणं झालं होतं. म्हटलं, तिकडे पोचल्यावर सांगू. एकदा पोचलो की कोण परत पाठवतंय!"

"मी तुझी हनुवटी धरून..." काका म्हणाले. वर्षभर ती बाई त्यांना बघायला म्हणून तोंड फिरवत होती, आणि दरवेळी ते तिची हनुवटी धरून तिला त्या धुक्यात ढकलत होते. वर रागावतही होते. काकू त्यांचा हात चाचपून हातात घेत म्हणाल्या, "तेवढाच तुमचा हात लागायचा. काही वाईट नव्हतं."

घरी आले तर दारात पाकीट पडलेलं. बेटाचं. परवानगी मंजूर, पुढच्या महिन्याच्या बोटीनं यावं, सोबत मूळ दाखले आणावेत. तब्येतीत काही बदल झाला असल्यास नवा दाखला जोडावा. खोलीत अर्धं सामान खोक्यांत बांधलेलं होतं. घरमालकानं नवा भाडेकरू ठरवला होता. दुकान बाईंच्या ताब्यात गेलं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण काका गिऱ्हाइकांना चेष्टेत ऐकवायचे. चेष्टा आता अंगाशी आली होती. इथे इलाज नाही आणि तिथे प्रवेश नाही.

लेकीला फोन केला. ती रडली, मग रागावली, मग म्हणाली, "माझ्याकडे या." तिच्याकडे दोन खोल्या, चार माणसं. काका म्हणाले, "बघू." ती म्हणाली, "बघू काय बाबा?"

"चला ना," तीन दिवसांनी काकू म्हणाल्या. "जुना दाखला आहे. मला विचारलं तर वाचून दाखवीन शेवटची ओळ."

"त्यांचा तक्ता वेगळा असेल."

"तुम्ही आधी जाऊन बघून या, मी पाठ करते."

काका हसले आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. मग काकूंनी विचारलं, "अहो, त्या घराच्या बाजूला काय आहे?"

"कुठल्या?"

"बेटावरच्या. समोर समुद्र आहे ते माहीतेय. बाजूला काय आहे?"

काकांनी फोटोंचा गठ्ठा काढला. अकरा फोटो. प्रत्येकात समुद्र, व्हरांडा, पायरी. एकातही बाजू नव्हती. एकाच्या अगदी काठावर एका भिंतीचा तुकडा आणि वाळत घातलेल्या टॉवेलचं टोक दिसत होतं. इतकी वर्षं त्यांनी त्या बेटाचा अभ्यास केला होता आणि घराच्या डाव्या हाताला काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"टॉवेल आहे," ते म्हणाले.

"कुठल्या रंगाचा?"

"पिवळा."

"बरा आहे की," काकू म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी काका पाकिटातून आलेला नव्या दाखल्याचा फॉर्म घेऊन बसले. खोटं लिहून बायकोला त्या कपाट-दवाखान्याच्या भरवशावर नेणं त्यांच्यानं होणार नव्हतं. खरं लिहायचं तर मोजायला हवं. मोजायचं कशानं? घरात होता तो पत्र्याचा तक्ता, आणि तो तिच्या डोळ्यांपेक्षा जास्त पक्का तिच्या डोक्यात होता. शेवटी उरली बोटं. ज्यांना तक्त्यावरचं काहीच दिसत नाही त्यांच्यापुढे बोटं धरायची आणि किती ते विचारायचं, ही पद्धत. आयुष्यात काकांनी ती फार तर वीस वेळा वापरली असेल, आणि दरवेळी घरी येऊन जेवण गेलं नव्हतं.

काकू खोक्यांच्या मधल्या खुर्चीत बसल्या. काका भिंतीला टेकून उभे राहिले. हात वर केला.

"समोर बघ. किती?"

"नाही कळत."

एक पाऊल पुढे. "आता?"

"अंहं."

दुसरं पाऊल, तिसरं. प्रत्येक पावलाला ते थांबायचे आणि मनातल्या मनात, दिसू दे, एवढ्यावरून तरी दिसू दे म्हणायचे. काकू शहाण्या पोरीसारख्या अगदी समोर बघत होत्या, हात मांडीवर ठेवून. शेवटी काकांचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकले. हात तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

"आता?"

"अहो, तुम्हीच दिसत नाही, तर तुमची बोटं कुठून दिसणार?"

काकांचा हात तसाच राहिला. रकाना भरण्यापुरतं त्यांना कळलं होतं, आणखी काही मोजायचं उरलं नव्हतं. तरी त्यांनी तोंड उघडलं आणि छत्तीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"नको बघू समोर."

काकूंनी मान वळवली. खिडकीकडे, खोक्यांच्या पलीकडे. थोडा वेळ डोळे तिथे कुठेतरी स्थिरावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, दुकानातलं हसू आलं.

"तीन," त्या म्हणाल्या. "आणि चार दिवस दाढी केली नाहीये तुम्ही. काय अवतार केलाय!"

काकांनी फॉर्म जवळ ओढला. डोळ्यांचा रकाना होता तेवढाच होता, बोटभर, आणि त्यावर छापलं होतं, 'समोर बघताना'. पेन हातात घेऊन ते बसून राहिले.

"लिहा ना, काय लिहायचं ते," खिडकीकडे बघत, म्हणजे त्यांच्याकडे बघत, काकू म्हणाल्या.